उद्यमबागेतल्या ‘कास्टेड’वर टिळकवाडीतला उतारा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही फौंड्रीच्या, म्हणजे धातू ओतून पार्ट बनवणाऱ्या कारखान्याच्या, डिस्पॅचला जाऊन मालाबरोबरची चलनं चाळा, ‘कास्टेड’ सापडल्याशिवाय राहणार नाही. ‘कास्टेड पार्ट्स’, ‘टू बी कास्टेड’, ‘कास्टेड ऑन’ आणि पुढं तारीख. मी एका फौंड्रीत क्वालिटी आणि डिस्पॅच दोन्ही बघतो, त्यामुळं हा शब्द रोज माझ्या टेबलावरून जातो. पुण्याचा कस्टमर तेच लिहितो, हुबळीचाही तेच. कुणाचं काही अडत नाही. अडतं ते मेल देशाबाहेर जायला लागल्यावर. तिकडचा माणूस चूक दाखवत बसत नाही, उत्तरात गुपचूप ‘कास्ट’ लिहितो. त्यानं चूक बघितलीय हे मात्र आपल्याला कळतं.

तर हा रिव्ह्यू टिळकवाडीतल्या एका संध्याकाळच्या इंग्रजी क्लासचा. नाव लिहीत नाही, कारण क्लासला नावच नाही. बोर्ड नाही, रिक्षामागं जाहिरात नाही, महिन्यात फाडफाड बोला असला दावा नाही. हायस्कूलमधून रिटायर झालेले एक सर घराच्या वरच्या खोलीत घेतात. फी महिन्याला बाराशे, आगाऊ. वेळ सात ते साडेआठ. काँग्रेस रोडनं येऊन रेल्वेचं दुसरं गेट पडायच्या आत पलीकडं निघालात तर आधी चहा मिळतो. गेट पडलं तर चहाही गेला आणि पहिली दहा मिनिटंही गेली, कारण सर कुणासाठी थांबत नाहीत.

इथं टेन्सचे तक्ते नाहीत, ‘इंट्रोड्यूस युवरसेल्फ’ नाही. आठवड्याला एक क्रियापद, बास. त्याचं एक झेरॉक्स पान मिळतं, सरांच्या हातचं. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडं वर लिहिलेलं असतं ‘हाताचं’, उजवीकडं ‘डोक्याचं’. ते काम खरोखर हातानं, आगीनं, पाण्यानं होतं तेव्हाची वाक्यं डावीकडं. तेच क्रियापद पैशाला, संशयाला, भांडणाला लावलं की काय होतं ते उजवीकडं. आणि खाली एकच ओळ, ‘सोबत’. ह्या क्रियापदाच्या जोडीला कुठला शब्द बसतो आणि कुठला बसत नाही, एवढंच त्या ओळीत. माझ्या मते बाराशेतले हजार त्या खालच्या ओळीचे आहेत. डावी बाजू आपल्याला निम्मी येत असते, उजवी बाजू मोबाइलवरही मिळते. सोबत मात्र कुणी सांगत नाही. शिकणाऱ्यांसाठीचे चांगले इंग्रजी कोश लाक्षणिक वाक्यापुढं ‘फिगरेटिव्ह’ अशी खूण करतात आणि पुढं कुठलं प्रिपोझिशन लागतं तेही दाखवतात, पण ते वाचायचं कसं हे शाळेत आम्हाला कोण शिकवणार होतं?

‘रन’ घ्या म्हणून दर बॅचला कुणीतरी मागणी करतं. सर घेत नाहीत. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची नवी आवृत्ती करताना नुसत्या क्रियापद ‘रन’चे ६४५ अर्थ भरले होते. “माझ्या पेन्शनीत एवढं झेरॉक्स बसत नाही,” म्हणतात.

‘कास्ट’ला मात्र त्यांनी जादा वेळ दिला, कारण बॅचमधली निम्मी मंडळी उद्यमबाग नाहीतर मच्छेच्या कारखान्यांतली. आम्ही फौंड्रीवाले ‘कास्ट’ म्हटलं की ओतण्यापासून सुरू करतो. सरांनी एक पायरी मागं नेलं. कास्ट मुळात फेकणं, टाकणं. जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलेला शब्द. कोळी जाळं टाकतो ते कास्ट, गळ टाकतो तेही कास्ट, आणि रस साच्यात टाकणं हे त्याच घरातलं. एवढं समजलं की उजवी बाजू पाठ करावी लागत नाही. मत ‘कास्ट’ का करतात, तर पेटीत टाकायचं असतं. ‘कास्ट अ ग्लान्स’, नजर टाकली. मराठीतही आपण नजर टाकतोच की. झाडानं सावली टाकली, ‘कास्ट अ शॅडो’. कुणाच्या शब्दावर संशय टाकला, ‘कास्ट डाउट ऑन’. आता इथं खालची ओळ: ‘ऑन’ पाहिजे म्हणजे पाहिजेच, ‘अबाउट’ चालणार नाही. लाइट चालतो, डाउट चालतो, शॅडो चालते. प्रश्न ‘कास्ट’ होत नाही आणि मदतही ‘कास्ट’ होत नाही, मराठीला कितीही बरं वाटलं तरी.

आणि रूप? हातानं टाका नाहीतर डोक्यानं, भूतकाळातही कास्टच. ‘द पार्ट वॉज कास्ट ऑन मंडे.’ ‘द लॅब रिपोर्ट कास्ट डाउट ऑन द मटेरियल.’ ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहून सरांनी फळ्यावर ‘एड’ काढलं आणि पुसलं. फळा तीन बाय दोनचा, कडेला फुटलेला. त्या पुसलेल्या ‘एड’चा पांढरा डाग तास संपेपर्यंत तिथंच होता, आणि ओल्या फडक्यानं पुसा म्हणून सांगितलं तर म्हणाले, राहू दे.

ह्याच तासाला डायचा घोळ झाला. मच्छेचा एक पोरगा प्रेशर डाय कास्टिंगला आहे, म्हणजे डायमध्ये, साच्यात, दाबानं धातू भरायच्या कामाला. त्याच्या ऑफिसात ‘द डाय इज कास्ट’ असं मशिनच्या फोटोखाली छापून फ्रेम करून लावलंय. पानावर ती ओळ बघितली आणि तो उठून उभाच राहिला.

“सर, हे तर आमचंच! डाय, कास्ट, दोन्ही आमचं.”

“तुझी डाय कसली?”

“लोखंडी. ॲल्युमिनियम दाबून मारतो की ओ तिच्यात.”

“ही डाय म्हणजे फासा. सोंगट्यांचा. अनेकवचन डाइस.”

इ.स.पू. ४९ मध्ये ज्युलियस सीझर सैन्य घेऊन रुबिकॉन नावाची नदी ओलांडायला निघाला, तेव्हा त्यानं हे उद्गार काढल्याचं सांगतात. फासा टाकला, आता दान पडेल ते पडेल, माघारी फिरणं नाही. साच्याचा, ॲल्युमिनियमचा, मच्छेचा काही संबंध नाही. पोरगा म्हणाला, “मग फ्रेम काढायला सांगू व्हय मालकास्नी?” सर म्हणाले, नको, नोकरी टिकव.

मला विचाराल तर ह्या क्लासचा सगळ्यात भारी तास ‘ईट’चा. त्याला कारण आमची बॅच. बेळगावात असतं तसं, मराठी आणि कन्नड मिसळून. बैलहोंगलकडच्या एक मॅडम, पतसंस्थेत कामाला. खानापूरकडचे एक मामा, घरी कोकणी. सर तिन्हीत बोलतात. त्यांनी पान वाटायच्या आधी विचारलं, तुमच्या घरात न चावता काय काय खातात ते सांगा. आमच्याकडून सुरू झालं: डोकं खातात, पैसे खातात, भाव खातात, मार खातात, हवा खातात, शेतातल्या पंपाला गंज खातो. मॅडम म्हणाल्या, “नमदू हांगे री, तले तिन्नबेड्री अंतीवी.” म्हणजे डोकं तिकडंही खातात. मग त्यांनी सांगितलं, कन्नडात लाचही खातात, ‘लंच तिंतान’. लंच म्हणजे लाच. मामांना वाटलं दुपारचं जेवण. ते प्रामाणिकपणे म्हणाले, “खाऊ दे की गरिबाला.” पुढची पाच मिनिटं क्लास बंद.

पण ह्याच ठिकाणी फसायला होतं. मराठीत डोकं खातात, कन्नडात डोकं खातात, दोन्ही शेजारणींचं एकमत झालं की आपल्याला वाटतं जगात सगळीकडं असंच. मग ‘डोन्ट ईट माय हेड’ आपण बिनधास्त बोलतो, बेळगावपासून बेंगळूरपर्यंत समजतंही. देशाबाहेर हेच वाक्य ऐकून माणूस दोन पावलं मागं सरकेल. लाच इंग्रजीत खात नाहीत, घेतात, ‘टेक’. मारही ‘टेक’ करतात. भाव तर कुठंच खात नाहीत. आमच्या सगळ्या यादीतून इंग्रजीत एकच टिकलं: गंज. गंज लोखंड खातो, ‘ईट्स अवे’, आणि त्याच्यावरूनच पुढं ‘ईट इनटू’. वाहतुकीचा खर्च नफ्यात शिरून तो पोखरतो तेव्हा ‘फ्रेट इज ईटिंग इनटू अवर मार्जिन’. हे वाक्य मी मेलमध्ये वापरतो, आणि समोरच्यानं त्याला त्याच भाषेत उत्तर दिलंय. दर वाढवून दिला नाही, ते वेगळं.

‘मेल्ट’चं पान लहानसं होतं, पण आमच्या कामाचं. साधारण १४०० अंशाला लेडलमधून, म्हणजे ओतायच्या भांड्यातून, साच्यात जातं ते ‘मोल्टन’ आयर्न. ‘मेल्टेड’ म्हणायचं लोण्याला, बर्फाला. गर्दी पांगली तर ‘मेल्टेड अवे’. ‘पोअर’च्या पानावर एक खाचखळगा मस्त दाखवलाय. ऑर्डरी येऊन कोसळल्या तर ‘पोअर्ड इन’, पण ड्रॉइंगवर डोळे लावून तासभर बसला तर ते पाण्याचं ‘पोअर’ नव्हे, स्पेलिंग वेगळं, पी-ओ-आर-ई. आपल्या तोंडात दोन्ही सारखेच, म्हणून लिहिताना बोंब. ड्रॉइंगवर पाणी ओतल्याच्या मेल माझ्याकडं आलेल्या आहेत, जाणत्या कंपन्यांतून.

‘टेंपर’ला मात्र आम्ही कारखान्यातली माणसं बाकीच्यांच्या पुढं निघालो. टेंपर म्हणजे राग, एवढंच सगळ्यांना माहीत. म्हणून ‘टेंपर्ड रिस्पॉन्स’ म्हणजे चिडून दिलेलं उत्तर असं अर्ध्या बॅचनं लिहिलं. हीट ट्रीटमेंट बघितलेल्या माणसाला हे पटणारच नाही. स्टील लाल करून तेलात नाहीतर पाण्यात बुडवलं की कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळ. तसंच ठेवलं तर ठोक्याला तडकतं. म्हणून परत बेतानं तापवायचं. थोडा कडकपणा जातो, चिवटपणा येतो. हे टेंपरिंग. मग टेंपर केलेलं उत्तर म्हणजे जहालपणा काढून घेतलेलं उत्तर, उलट अर्थ. सोबतीला ‘विथ’: टीका आहे, पण कौतुकानं सौम्य केलेली, तर ‘क्रिटिसिझम टेंपर्ड विथ प्रेझ’. पतसंस्थेच्या मॅडमना हे मी समजावून सांगितलं, सरांनी नाही. मराठीत सांगितलं आणि मधे मधे मोडक्या कन्नडात. त्या मोडक्या कन्नडाचंही त्यांनी टेंपर करून कौतुक केलं.

आता तक्रारी. त्या आहेत.

पहिली आणि मोठी: सरांचा जीव उजव्या बाजूत आहे. गृहपाठात जितकी लाक्षणिक वाक्यं जास्त, तितकं खाली ‘छान’ मोठं. कॉलेजच्या पोरांना ठीक. कारखान्यात हे अंगाशी येतं. नावग्याच्या मशिन शॉपमधला एक पोरगा क्लासला यायचा. त्यांच्या कस्टमरकडून तक्रार आली, फ्लँज (पार्टची जोडायची कड) वाकलाय, फेस सपाट बसत नाही. ह्यानं ताजं ताजं शिकलेलं वापरलं: ‘वी विल हॅमर आउट द इश्यू विदिन टू डेज’. तासाभरात उलट मेल आला, ‘कुठल्याही पार्टवर हातोडी मारलेली नाही हे लेखी कळवा’. आता ‘हॅमर आउट’ चुकीचं आहे का? नाही. करार, तपशील, तोडगा चर्चेनं घासाघीस करून ठरवला की इंग्रजीत ‘हॅमर आउट’ म्हणतात, वर्तमानपत्रात रोज येतं. पण पत्र्याचा पोचा ठोकून काढणं हेही ‘हॅमर आउट’च, आणि समोर वाकलेला फ्लँज पडलेला असताना वाचणाऱ्याला हातोडीच दिसणार. क्वालिटीवाल्याला तर आधीच दिसणार, मी सांगतो ना.

हे सरांना सांगितलं. ते आधी पोट धरून हसले, मग म्हणाले, वाक्य बरोबर होतं. मी म्हटलं, सर, वाक्य बरोबर असून पार्ट रिजेक्ट झाला तर काय करायचं? जिथं डावी बाजू रोजच्या कामात जिवंत आहे, तिथं उजवी बाजू जपून वापरायची असते, आणि हे पानावर कुठंच नाही. ‘आयर्न आउट’ म्हणा हवं तर, फौंड्रीत कोण इस्त्री करत नाही. बँकेत ‘हॅमर आउट’ बिनधास्त म्हणा, तिथं हातोडी नसते. आमच्याकडं साधं ‘रिझॉल्व्ह’ बरं.

मानलं पाहिजे, पुढच्या पानापासून त्यांनी ‘सोबत’च्या खाली आणखी एक ओळ सुरू केली, ‘धोका’. ती पहिल्यांदा आली ‘फोर्ज’च्या पानावर, आणि तिथं तिची गरजही सगळ्यात जास्त होती. डावीकडं: तापवून, ठोकून घडवणं. उजवीकडं चांगलं: भागीदारी, नातं, दुवा ‘फोर्ज’ करतात. उजवीकडंच वाईट: सही, नोट, कागदपत्र ‘फोर्ज’ केलं म्हणजे खोटं बनवलं. आता फोर्जिंगच्या मालाबरोबर मटेरियलचा टेस्ट रिपोर्ट जातोच. ‘प्लीज फाइंड अटॅच्ड फोर्ज्ड सर्टिफिकेट’ असं कुणी लिहिलं, तर त्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलं की सोबतचा दाखला बनावट आहे. लिहायचं असं: ‘टेस्ट सर्टिफिकेट फॉर फोर्ज्ड पार्ट्स’. पार्ट घडवलेला, कागद खरा. ही एक ओळ उद्यमबागेतल्या प्रत्येक डिस्पॅच टेबलावर चिकटवण्यासारखी आहे.

दुसरी तक्रार: बोलणं जवळजवळ नाही. दीड तासात तुमच्या वाट्याला चार वाक्यं आली तर नशीब. इंटरव्ह्यूसाठी, फोनवर बोलायचं धाडस यावं म्हणून कुणी येणार असेल तर पैसे वाया. लिहिण्यासाठी आणि वाचून समजण्यासाठी या.

तिसरी: काही पानं जुनाट आहेत. सरांचं वाचन जुनं, त्यामुळं ‘इन फाइन फेटल’सारखं येतं. तब्येत ठणठणीत, ह्या अर्थी. हे आता फारसं कुणी मेलमध्ये लिहीत नाही. पण ते पान निघालं तेव्हा मी विचारलं, सर, हे आमच्या फेटलिंगवालंच का? त्यांनी फेटलिंग ऐकलंच नव्हतं. मी सांगितलं: कास्टिंग साच्यातून निघतं तेव्हा त्याला रनर, रायझर, म्हणजे रसाच्या वाटांत गोठलेला जादा धातू, चिकटलेले असतात, कडेला पातळ पापुद्रा असतो, अंगाला वाळू असते. ते सगळं तोडून, घासून, ग्राइंडर मारून पार्ट नीटस करायचा, ते फेटलिंग. फौंड्रीतलं सगळ्यात धुळीचं खातं. सरांनी चष्मा काढला, वही उघडली आणि लिहून घेतलं. नंतर कोशात बघून आले आणि म्हणाले, बरोबर, इंग्लंडच्या उत्तरेकडं नीटनेटकं करण्याला अजून ‘फेटल’ म्हणतात. फेटलिंगच्या आमच्या माणसांना मी दुसऱ्या दिवशी हे सांगितलं. त्यांनी मास्क वर करून विचारलं, “मग पगार वाढूलाय काय?”

चौथी किरकोळ. ‘लिटरली’वर सरांचा फारच राग. कॉलेजची पोरं ‘आय लिटरली डाइड’ म्हणाली की त्या दिवशीचा पाव तास त्यातच जातो. मुद्दा खरा आहे, खरोखर घडलं तेव्हाच ‘लिटरली’ म्हणावं आणि कामाच्या मेलमध्ये तर नक्कीच. पण इंग्रजी बोलणारेही जोर द्यायला ते सर्रास वापरतात, कोशांनीही तशी नोंद घेतलीय. त्यावर पाव तास घालवण्यापेक्षा एक ‘श्रिंक’ होऊन गेलं असतं. जबाबदारीला कचरत नाही ह्याला ‘डझ नॉट श्रिंक फ्रॉम’ म्हणतात एवढं घाईघाईत सांगितलं. श्रिंकेजनं, म्हणजे थंड होताना कास्टिंग आकसतं त्यानं, ज्यांची झोप उडालेली असते अशी आम्ही दहा माणसं समोर बसलो होतो, आणि त्या पानाला फक्त शेवटची पाच मिनिटं!

खोलीबद्दल: बाक शाळेतले, गुडघे आडवे करून बसावं लागतं. लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे. गाडी बोळात लावू नका, शेजारच्या काकू हवा सोडत नाहीत पण आवाज फार सोडतात.

कुणी जावं? ज्यांना रोज इंग्रजीत लिहावं लागतं आणि मराठी नाहीतर कन्नड मीडियममधून आलेत, त्यांनी डोळे झाकून. मराठीत, कन्नडात विचार करणं हा इथं दोष धरत नाहीत, उलट तिथूनच सुरुवात होते. आमच्या फौंड्रीत आता नव्या चलन फॉर्मॅटमधून ‘एड’ उडवलंय. पुण्याच्या कस्टमरनं त्यावर क्वेरी टाकली, स्पेलिंग मिस्टेक आहे म्हणून. त्याला मी सरांच्या पानाचा फोटो पाठवला. अजून उत्तर नाही.

नवी बॅच गणपती झाल्यावर. फोनवर सीट धरत नाहीत, जाऊन भेटावं लागतं, आणि शिफ्टवरून थेट जाणार असाल तर हात धुऊन जा. ग्रीस लागलेलं पान सर बदलून देत नाहीत.